सायोच्या नावाला ओ

शुक्रवार हा आमच्या घरचा सगळ्यात आवाजी वार. इथं दुबई-शारजाकडे तेव्हा आठवड्याची सुट्टी शुक्रवारी असायची, त्यामुळे आमचा रविवारही शुक्रवारीच उजाडायचा. सकाळी मिस्साला जाऊन यायचं, आणि आल्यावर मम्मीनं चर्चचा ड्रेस न बदलता, वरून नुसता एप्रन बांधून मटण शिजत घालायचं. शारजातली आमची जागा म्हणजे एक बेडरूम आणि एक हॉल. हॉल वसईच्याच दोन नर्स बहिणींना भाड्यानं दिलेला, म्हणून आम्ही चौघं बेडरूममध्ये. खिडकीतला एसी ट्रकसारखा धडधडायचा, खाली शिंप्याचा रेडिओ, समोरच्या मशिदीतून शुक्रवारचं प्रवचन, खुत्बा, आणि ह्या सगळ्यावर पप्पांचा आवाज, "यल्ला, बसा रे जेवायला, रस्सा गार होतोय." माझा धाकटा भाऊ केविन "फाइव्ह मिनिट्स, पप्पा" म्हणायचा आणि पंधरा लावायचा. गावाहून कुणी आलं की सुकेळी यायची, आमच्या वसईची वाळवलेली केळी, पानात बांधून. मम्मी ती कपाटात कपड्यांखाली लपवून ठेवायची, आणि मग आठवडाभर माझ्या शाळेच्या युनिफॉर्मलाही त्यांचा गोडसर वास यायचा.

हे सगळं मी इतक्या हौसेनं सांगते आहे, कारण ज्या हिवाळ्याबद्दल मला लिहायचं आहे त्या हिवाळ्यात ही शुक्रवारची दुपार माझ्या हातून निघून गेली. जेवण तेच, आवाज तेच. मी मात्र तिथं नसायचे. मी चौदा वर्षांची होते आणि दुबईतल्या अल क्वोजमधल्या एका बंद गोडाउनात, माल रचायच्या दोन लाकडी पॅलेटींच्या मध्ये, दुसऱ्याच कुणाच्या तरी नावानं उभी असायचे.

पप्पा तिथं एका जपानी कंपनीचे स्टोअरकीपर होते. मशीनच्या सुट्या भागांच्या पेट्या, एक फोर्कलिफ्ट, आणि पप्पांची काचेची केबिन. साहेबांचं नाव मोरिता. चाळिशी ओलांडलेले, अगदी मोजकं बोलणारे. त्या वर्षी ते लग्न करून बायकोला घेऊन आले होते. "तिशी झाली असेल," पप्पांनी घरी वर्णन केलं होतं, "पण चाल बघ तिची. मिलिटरीवाल्यासारखी." पुढे महिन्याभरानं, एका दुपारी ताटावरून मान न उचलता पप्पा म्हणाले, "मॅडमला शुक्रवारी स्टोअर पाहिजे. दोन तास. हॉकी खेळायला."

मम्मीला वाटलं थट्टा चालली आहे. "हॉकी? गोडाउनात? कुणाबरोबर?"

"एकटीच. जपानच्या टीममध्ये होती ती. नॅशनल टीम. नऊ वर्षं. मग सोडलं. आता परत बोलावलंय, एप्रिलमध्ये ट्रायल आहे. इथं बायकांना ग्राउंड कोण देणार? साहेब बोलले, आपला कोबा गुळगुळीत आहे, शुक्रवारी बंदच असतं, आणि चावी तुझ्याकडे आहे."

"आणि तुम्ही?"

"मी बसणार. स्टोअर बाहेरच्या माणसावर सोडता येत नाही."

मम्मीनं भाताचा चमचा पातेल्यात तसाच ठेवला. "साहेबाची बायको आणि तुम्ही. बंद गोडाउन. उद्या कुणी एक शब्द वाकडा बोललं, तर ती राहील साहेबाची बायको, आणि आपला व्हिसा खलास." मग तिनं माझ्याकडे पाहिलं. "रेजी जाईल बरोबर."

"आय हॅव होमवर्क," मी म्हटलं.

"तिकडे कर."

अशी मी गेले. रेजिना, म्हणजे रेजी, नववीतली, जिला हॉकी म्हणजे लाकडाची काठी एवढंच ठाऊक होतं. फुमिए मॅडम आमच्या आधीच येऊन शटरपाशी उभ्या होत्या. त्यांनी पप्पांना कमरेत वाकून नमस्कार केला, मग मलाही तसाच, तेवढाच खोल. मला कुणी असं वाकून कधी भेटलं नव्हतं. पप्पांनी घाईघाईनं "नो नो मॅडम" केलं, दिवे लावले, शटर अर्धं उघडं ठेवलं आणि केबिनमध्ये पेपर उघडून बसले. मॅडमनी दोन पॅलेटी ओढून उभ्या केल्या, मधलं अंतर पावलांनी मोजलं, खडूनं कोब्यावर एक ठिपका काढला. तिथं चेंडू ठेवला. हॉकीत पेनल्टी स्ट्रोक म्हणून एक प्रकार असतो: चेंडू एका ठिपक्यावर, समोर फक्त गोलकीपर, बाकी सगळे खेळाडू लांब. मॅडम टीममध्ये असताना हा स्ट्रोक त्याच घ्यायच्या. चेंडूला काठी लावून, पुढे झेपावत त्या तो ढकलत आणि उचलत. आधी काठी घासल्याचा बारीक आवाज, मग क्षणभर काहीच नाही, आणि मग मागच्या रिकाम्या पेट्यांवर धाड. छताच्या पत्र्यात तो आवाज फिरत राहायचा. मी बीजगणिताची वही मांडीवर घेऊन बसले होते. एकही गणित सुटलं नाही.

परवा माझी मुलगी मला त्याच भागात कॉफी प्यायला घेऊन गेली. तिथल्या बऱ्याच गोडाउनांची आता चित्रांची प्रदर्शनं आणि कॉफीची दुकानं झाली आहेत. तीस दिरहॅमची कॉफी, म्हणजे सातशेच्या आसपास रुपये, मी अजून मनातल्या मनात हिशेब करतेच. छत तेच पत्र्याचं, मुद्दाम तसंच ठेवलेलं. मागच्या टेबलावर कुणाचा तरी फोन खाली पडला, आवाज वर गेला, फिरला. "मॉम, यू ओके?" मुलीनं विचारलं. मी म्हटलं, एसी जोरात आहे.

पहिले दोन शुक्रवार मी चेंडू गोळा केले. तिसऱ्या शुक्रवारी मॅडमनी मला हातानं खुणावून पॅलेटींच्या मध्ये उभं केलं. रिकाम्या गोलात मारणं म्हणजे भिंतीशी बोलणं, असं काहीतरी त्या म्हणाल्या. त्यांच्या इंग्रजीबद्दल इथं सांगायला हवं. त्यांना शब्द पुष्कळ येत होते, पण भूतकाळ येत नव्हता. झालेलं, होणारं, चाललेलं, सगळं त्या एकाच काळात बोलायच्या. मी त्यांचं बोलणं इथं मराठीत लिहिते आहे, पण काळ त्यांचाच ठेवते, कारण पुढे जे घडलं ते त्या काळामुळे घडलं.

मध्ये सुट्टी घ्यायच्या तेव्हा त्या मला भाताचे त्रिकोणी मुटके द्यायच्या, आत एक भयंकर आंबट-खारट फळ. ते खाताना माझं तोंड कसं होतं हे बघायला त्यांना मजा वाटे. खाता खाता सांगायच्या. "मी कारखान्याच्या टीममध्ये खेळते. सकाळी पॅकिंग करते, बिस्किटांचे डबे. दुपारी हॉकी. संध्याकाळी पाय बर्फात." मग नॅशनल टीम. क्वालालंपूर, जिथं पावसात चेंडू दिसत नाही. दिल्ली, जिथं त्यांना चहा आवडतो आणि भारताच्या मुली डाव्या बाजूनं फार वेगानं येतात. हॉलंड, जिथं सगळ्या मुली उंच आणि आपण त्यांच्या कोपरापाशी. आणि प्रत्येक गावी, प्रत्येक हॉटेलात, खोलीत दुसऱ्या पलंगावर सायो. सायो गोलकीपर. सायो उत्तरेची, समुद्रकाठच्या गावची. सायो झोपेत हसते. सायो मॅचआधी बुटांच्या नाड्या तीनदा सोडून तीनदा बांधते.

एकदा मी मम्मीच्या कपाटातून दोन सुकेळी चोरून नेली. मॅडमनी चावली आणि डोळे मिटले. "सायोच्या घरी पर्सिमॉनची फळं वाळवतात. दोरीला टांगून. असंच लागतं. सायोला हे आवडतं."

"सायो आता कुठे असते?" मी विचारलं.

"घरी," मॅडम म्हणाल्या. "समुद्रापाशी."

मला ते चित्र आवडलं होतं. मी कित्येक दिवस ते मनात ठेवलं: एक मुलगी, खिडकीशी बसलेली, वर दोरीला फळं टांगलेली.

पहिल्यांदा त्यांनी मला त्या नावानं हाक मारली ती चुकून. आम्ही तेव्हा साध्या टेनिसच्या चेंडूनं खेळायचो. त्यांनी डाव्या कोपऱ्यात मारला, मी कशी कोण जाणे त्या बाजूला पडले आणि चेंडू माझ्या तळहाताला लागून बाहेर गेला. "सायो!" त्या ओरडल्या, अगदी आनंदानं, आणि हात वर केले. मी उठले. त्यांच्या लक्षात आलं नाही, आणि मी काही बोलले नाही. साहेबाच्या बायकोची चूक कशी दाखवायची, हे एक. आणि दुसरं, जे कबूल करायला मला इतकी वर्षं लागली, ते हे, की मला बरं वाटलं. शाळेत मी मागच्या बाकावरची, सरांना जिचं नाव हजेरीपुरतं माहीत अशी मुलगी. इथं एक बाई, जी जग फिरून आली होती, मला पाहून हात वर करत होती.

पुढच्या शुक्रवारी ते चुकून नव्हतं. "सायो, मो इक्काई." पुन्हा एकदा. मी पडले की, "सायो, दाइजोबु?" ठीक आहे ना? आणि मी तेच परत म्हणायचे, दाइजोबु, ठीक आहे. दोनच जपानी शब्द मला येत होते आणि दोन्ही त्या नावाला चिकटलेले. मी ओ देऊ लागले. मॅडमना मी कधी विचारलं नाही आणि पप्पांना सांगितलं नाही. ते काचेमागे पेपर तोंडावर घेऊन झोपलेले असायचे.

एकच गोष्ट मला खुपायची. स्ट्रोक घेण्याआधी मॅडम थांबायच्या, श्वास घ्यायच्या आणि समोर बघायच्या. पण माझ्याकडे नाही. माझ्या डोक्याच्या वीतभर वर. पहिल्यांदा मला वाटलं मागे काही आहे. मी वळून पाहिलं, पेट्या होत्या. मग मला कळलं की सायो माझ्यापेक्षा वीतभर उंच आहे. त्यानंतर मी टाचा उचलून उभी राहू लागले. तरीही पाठीशी कुणीतरी उभं आहे, आणि मॅडम तिच्याशी खेळताहेत, आणि मी दोघींच्या मध्ये नुसती आलेली आहे, असं वाटून भर दुपारी माझ्या मानेवर काटा यायचा.

मार्च लागला तशी मी घरातही बिघडले. मम्मी भांडी घासता घासता "रेजी, रेजी" अशी हाक मारत होती आणि मी पलंगावर बसून तिच्याकडे पाहत होते. तिनं येऊन माझ्या खांद्याला हलवलं. "कान गेले का तुझे? तिसरी हाक आहे ही." मला हाका ऐकू आल्या होत्या. त्या मला आहेत असं वाटलं नव्हतं, एवढंच. शाळेतही एकदा हजेरीत माझी गैरहजेरी लागली, मी वर्गात असताना. बुटांच्या नाड्या मी तीनदा बांधते आहे, हे केविननं मम्मीला सांगितलं. "शी इज बीइंग वीअर्ड," तो म्हणाला. मम्मीनं त्याला गप्प केलं, पण त्या दिवसापासून ती माझ्याकडे स्वयंपाक करता करता अधूनमधून टक लावून बघायची.

शेवटचा शुक्रवार. पुढच्या बुधवारी मॅडमचं टोकियोचं विमान होतं. उकाडा सुरू झाला होता, पत्रा तापून तडतडत होता. मॅडमनी त्या दिवशी खरा चेंडू काढला, पांढरा, दगडासारखा. पेट्यांमधल्या फोमचे तुकडे त्यांनी माझ्या पायांना पॅकिंगच्या पट्टीनं बांधले, छातीला बांधले, हातांत पप्पांचे कामाचे जाड मोजे चढवले, आणि केविनचं सायकलचं हेल्मेट. पप्पा काचेतून बघून हसले आणि केबिनमधला रेडिओ मोठा करून मागे रेलले. "फक्त पाच," मॅडम म्हणाल्या. "सायो, फक्त पाच."

चार माझ्या बाजूनं निघून गेले. ते मला दिसलेही नाहीत. पाचव्या वेळी मी डोळे मिटून उजवीकडे पडले आणि माझ्या हाताला काहीतरी असं लागलं की माझा आवाजच बंद झाला. चेंडू अडला होता. माझी करंगळी भलत्याच दिशेला वळली होती. मॅडम काठी टाकून धावत आल्या, गुडघ्यांवर बसल्या, आणि माझा हात सोडून त्यांनी माझा गुडघा दोन्ही हातांत धरला.

"गुडघा?" त्या म्हणाल्या. "सायो, गुडघा?"

"बोट," मी म्हटलं. "माझं बोट, मॅम."

त्यांना ते ऐकू गेलं नाही. त्या माझा गुडघा धरून बोलू लागल्या, थोडं जपानीत, थोडं इंग्रजीत, त्यांच्या त्या एकाच काळात. "सायोचा गुडघा दुखतो. फार दुखतो. ती डॉक्टरला सांगत नाही. मोठी स्पर्धा आहे, आयुष्यात एकदा येते. ती फक्त मला सांगते. दुसऱ्या पलंगावरून मला सांगते. मी वचन देते. मग मी कोचला सांगते. मला वाटतं टीम हरते. नाही. मला वाटतं मी हरते. कोच तिला घरी पाठवतो. बसमध्ये चढताना ती माझ्याकडे बघत नाही. आम्ही जिंकतो. मी गोल मारते. सगळे मला उचलतात. सायो घरी आहे."

आणि मग फुमिए मॅडम, माझ्या बापाच्या साहेबाची बायको, मागे सरकल्या, त्यांनी दोन्ही तळवे कोब्यावर टेकले आणि कपाळ जमिनीला लावलं. माझ्यासमोर. त्यांच्या केसांना धूळ लागली. मी घाबरून गेले. पप्पांनी वळून पाहिलं तर काय होईल, ह्यानं घाबरले. त्या उठतच नव्हत्या, ह्यानं घाबरले. मी त्यांच्या खांद्याला हात लावला, उठवायला काहीतरी पुटपुटले. आणि मग मला वाटलं, ह्यांना एकच ऐकायचं आहे, ते मला म्हणता येतं, आणि ती बिचारी सायो घरी खिडकीशी बसली आहे, तिचाही राग एव्हाना गेला असेलच. म्हणून मी म्हटलं. मला आठवतं त्याप्रमाणे मी म्हटलं, दाइजोबु.

मॅडमनी डोकं वर केलं. त्या दिवशी पहिल्यांदा त्यांनी माझ्या डोक्यावर न बघता माझ्या डोळ्यांत पाहिलं. बराच वेळ. त्यांचा चेहरा असा झाला होता, जणू कुणीतरी दाराबाहेरून आत यावं आणि घरातल्यांनी ओळखावं. मग त्यांनी आपल्या रुमालानं माझी करंगळी शेजारच्या बोटाला बांधली, एकेक करून चेंडू पिशवीत भरले, पप्पांना वाकून नमस्कार केला आणि गेल्या. करंगळी अजून वाकडीच आहे. लिहिताना ती कागदाला टेकत नाही.

साहेब दुसऱ्या आठवड्यात गोडाउनात आले. पॅलेटी जागच्या जागी उभ्या होत्या, खडूचा ठिपका होता, फोमचे तुकडे पट्टीसकट कोपऱ्यात. त्यांनी पप्पांना विचारलं, इथं कोण उभं राहायचं? पप्पा खोटं बोलत नसत. म्हणाले, माझी मुलगी, सर. मॅडम तिला लाडानं सायो म्हणायच्या. केबिनमध्ये असताना तेवढं एक त्यांच्या कानावर आलं होतं.

पप्पांनी हे आम्हाला जेवताना सांगितलं. हात धुवून आले होते, पण ताटाला हात लावला नव्हता. "मला वाटलं, गेली नोकरी. मग साहेब बोलले, सायो मॅडमची मैत्रीण होती. टीममधून काढलं तिला, आणि त्याच हिवाळ्यात वारली. म्हणून तर मॅडमनी खेळ सोडला."

"कशानं वारली?" मम्मीनं विचारलं.

"ते साहेब बोलले नाहीत. मी विचारलं नाही."

मम्मीनं कपाळावर, छातीवर क्रूस काढला. केविन एकदा मम्मीकडे, एकदा माझ्याकडे बघत होता. मम्मी माझ्याजवळ आली, माझी हनुवटी धरून तिनं तोंड वर केलं. "तिनं त्या नावानं हाक मारली, तू ओ दिलीस?"

"हो."

"किती वेळा?"

"सगळ्या वेळा," मी म्हटलं.

तिनं मला मारलं नाही. मारलं असतं तर बरं झालं असतं. तिनं मला रात्री आपल्याजवळ, भिंतीच्या बाजूला झोपवलं, आणि पुढच्या शुक्रवारी चर्चमध्ये मृतांसाठीच्या प्रार्थनेची चिठ्ठी दिली. आडनाव माहीत नव्हतं. फादर मल्याळी होते, त्यांनी आमच्या ओळखीच्या जोसेफ, मारिया, ॲग्नेस ह्यांच्या मागोमाग वाचलं, "अँड फॉर सायो." ते नाव मी पहिल्यांदा मेलेल्यांच्या यादीत, मोठ्यानं, छताखाली ऐकलं. माझ्या तोंडातून ओ निघू नये म्हणून मी ओठ दातांखाली धरून बसले होते. मी मेलेल्या मुलीच्या वतीनं माफी देऊन टाकली होती. तिला न विचारता. मला कुणी दिला होता तो अधिकार?

ट्रायलच्या आणि नंतरच्या पात्रता स्पर्धेच्या बातम्या पप्पांना साहेबांकडून कळायच्या. मॅडमची निवड झाली. मॅडमनी एका मॅचमध्ये स्ट्रोकवर गोल केला. शेवटची मॅच जपान एका गोलनं हरलं आणि त्या मोठ्या स्पर्धेला जायचं राहून गेलं. मॅडम जूनमध्ये परत आल्या, आता खेळणार नाहीत म्हणाले साहेब. कायमचं बंद.

"तू जाऊन सांगून टाक तिला," पप्पा मला म्हणाले. "तुला ठाऊक नव्हतं, म्हणून बोललीस. साधी गोष्ट आहे. तिच्या मनात काही भलतं बसायला नको, आणि तुझ्याही." मम्मी आडवी आली, पण पप्पांनी ऐकलं नाही. त्यांनी मला दुबईला साहेबांच्या बिल्डिंगपाशी सोडलं आणि स्वतः खाली गाडीत बसले. वर जाताना मी लिफ्टमध्ये वाक्य म्हणून पाहिलं. मॅडम, आय डिड नॉट नो शी वॉज डेड. व्याकरण बरोबर होतं.

मॅडमनी दार उघडलं. त्या अंगानं भरल्या होत्या थोड्या, गालांवर रंग आला होता. त्यांनी माझी करंगळी हातात घेऊन पाहिली, तोंडानं च्च केलं, मला बसवलं, चहा आणला. मी तोंड उघडायच्या आत त्याच बोलू लागल्या.

"स्पर्धेनंतर मी उत्तरेला जाते," त्या म्हणाल्या. "सायोच्या आईकडे. आधी कधी जात नाही. धीर नाही. ह्या वेळी जाते. दोन दिवस राहते. आईला सगळं सांगते. गुडघा, कोच, बस, सगळं. आई रडते. मी रडते. मग मी आईला तुझं सांगते. दुबईत एक लहान मुलगी आहे, ती गोलमध्ये उभी राहते, आणि ती मला म्हणते, नान्मो."

"नान्मो?" मी म्हटलं.

"हो. नान्मो." त्या हसल्या. "टोकियोत कुणी असं म्हणत नाही. आम्ही दाइजोबु म्हणतो. नान्मो सायोच्या गावचा शब्द. म्हणजे, काही नाही. त्यात काय. सायो नेहमी म्हणते. मी बॉल चुकवते, सायो म्हणते नान्मो. मी तुला दाइजोबु शिकवते. नान्मो कधी शिकवत नाही. तो मी कुणापुढे म्हणत नाही. आई मला विचारते, ती मुलगी तसंच म्हणते? तसंच? मी म्हणते, तसंच. आई रात्रभर दिवा ठेवते. सकाळी म्हणते, आता मला झोप येते."

मी हा प्रसंग माझ्या वयाच्या सगळ्या टप्प्यांवर उलटून पाहिला आहे. आम्ही घरी 'नाही'ला 'नाय' म्हणतो. त्या कोब्यावर कपाळ टेकून बसल्या होत्या, मी त्यांना उठवायला धावले होते, तेव्हा 'नाय मॅम, नाय मॅम' असंच मी पुटपुटले असणार. नाय मॅम. नान्मो. रडणाऱ्या बाईच्या कानाला एवढं पुरतं. हे मला पटतं. दिवसा तर फारच पटतं. फक्त मला आठवतं त्यात मी तसं म्हटल्याचं कुठं नाही, आणि त्यांना माझं दाइजोबु ऐकू आल्याचंही कुठं नाही.

पण त्या दिवशी मी पंधराव्याला टेकलेली मुलगी होते. माझ्यासमोर बसलेल्या बाईनं तो शब्द हजारो मैल नेऊन एका आईच्या ओंजळीत ठेवला होता. मॅडम माझ्याकडे बघत होत्या. माझं वाक्य तयार होतं, व्याकरणासकट. मी कप उचलला आणि चहा प्यायले. गरम होता, टाळू भाजली. दुसऱ्या कपाला त्यांनी विचारलं तेव्हा मी हो म्हटलं.

परतीला शारजाच्या रस्त्यावर नेहमीसारखा जॅम होता. पुढे लाल दिवेच दिवे, मागे हॉर्न. पप्पांनी रेडिओ चालू-बंद केला. मग म्हणाले, "सांगितलंस?"

"सांगितलं," मी म्हटलं. पप्पांशी बोललेलं माझं ते पहिलं खोटं.

"मग? काय म्हणाली मॅडम?"

"काही नाही, म्हणाली," मी म्हटलं. "त्यात काय, म्हणाली."

पप्पांनी मान डोलावली. क्लच सोडला, आणि गाडी चार हात पुढे सरकली.